तुळजाबाईंचे मार्क

"आणि आजीनं कुणाला मार्क दिले होते?"

तनयानं हे विचारलं तेव्हा तिचे डोळे मोबाइलवर होते, तोंडात पोह्यांचा घास होता आणि उत्तर मिळालंच पाहिजे असा तिचा काही हट्टही नव्हता. उत्तर यायच्या आत तिनं ताटली ओट्यावर ठेवली आणि क्लासला निघूनही गेली. सुंदरराव मात्र अडकले. बीडला जालना रोडवरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून त्यांना कशात अडकायची सवय राहिली नव्हती. नळाला पाणी कधी येतं ते पाहायचं, आलं की सुनेला हाक मारायची, आणि पेपरातल्या निधनवार्ता वाचून "हा तर आपला मतदार" असं म्हणायचं, एवढंच खातं त्यांच्याकडं उरलं होतं. त्या बिनबोभाट खात्यात आज हा प्रश्न येऊन पडला आणि सुंदररावांच्या लक्षात आलं की आपल्याला उत्तर माहीत नाही. आष्टी तालुक्यात कुठल्या भावकीचं मत कुठल्या चिन्हावर पडलं हे पेटी फुटायच्या आधी सांगणारा हा माणूस. त्यांचा अंदाज आणि निकाल यांत फरक पडला तर लोक पुन्हा मोजणी मागायचे, इतका त्यांचा लौकिक. आणि त्यांना स्वतःच्या बायकोचं मत माहीत नव्हतं. तुळजाबाईंना जाऊन दोन पावसाळे झाले होते. पावसाळे म्हणजे कॅलेंडरातले.

सगळं त्या टीव्हीनं सुरू केलं. कुठल्याशा देशात जगातल्या सुंदऱ्यांची स्पर्धा चालली होती, आणि तिच्यातल्या एका परीक्षकानं ऐन वेळी राजीनामा दिला होता. म्हणत होता, निकाल आधीच ठरलाय, आम्हाला नुसतं शोभेला बसवलंय. तनया चिडली. "आबा, चीटिंग आहे ही! आधीच ठरलेलं होतं म्हणे." सुंदररावांनी चहात बिस्कीट बुडवलं. "मग चांगलं हाय की. आधी ठरत न्हाई तिथं डोकी फुटत्यात. बिनविरोध झालं म्हंजे सगळे घरी जाऊन जेवत्यात." तनया म्हणाली, तुम्हाला त्यातलं काय कळतंय. त्यावर सुंदरराव जे म्हणाले ते एरवी त्यांनी म्हटलं नसतं, पण समोर नात होती आणि बिस्कीट चांगलं भिजलं होतं. "मला कळत न्हाई? म्या परीक्षक व्हतो. जागतिक. मी, बंकट आप्पा आन तुझी आजी." नातीला हे इतकं अशक्य वाटलं की तिनं विश्वास ठेवला. आणि मग तो प्रश्न विचारला.

आता ती गेली होती, सून आत कुकरपाशी होती आणि सुंदररावांच्या नाकात, टीव्हीवरच्या थंड हवेच्या गावातून थेट, उसाच्या वाढ्यांचा वास आला होता. हिरवा, आंबूस, थोडा गुळमट. जनावरांच्या छावणीचा वास. दोन हजार तीनचा उन्हाळा. त्या वर्षी तालुक्यात हिरवं म्हणाल तर एसटीच्या पाटीवरचा रंग तेवढा होता. गावंच्या गावं जनावरं घेऊन छावणीत आली होती आणि ती छावणी तालुका दूध संघ चालवत होता, म्हणजे सुंदरराव चालवत होते. माळावर शेडनेटच्या सावल्या, सावल्यांत खुंट्यांना बांधलेली शेकडो जनावरं, आणि दिवेलागणीला सगळी एकदम रवंथ करायला लागली की एक आवाज निघायचा. तो आवाज सुंदररावांना पुढं कुठंच ऐकू आला नाही. मोठ्या जेवणावळीत पंगत बसल्यावर भाषणं थांबतात आणि नुसतं खाणं ऐकू येतं, तसा. दुष्काळ वाईट, हे तर खरंच. ते सुंदररावांनी शेकडो भाषणांत सांगितलं होतं. पण त्या आवाजात बाजेवर पडून राहिलं की आपण काहीतरी धरून ठेवलंय, निसटू दिलेलं नाही, असं वाटायचं. आयुष्यात ज्याची पुन्हा आठवण यावी असं सुख दुष्काळात भोगलं, हे कुणाला सांगायची सोय नसते.

त्या छावणीत मुंबईहून लोबो नावाचे साहेब आले. पांढरे बूट घालून आले आणि बूट परत नेताना पांढरे नव्हते. त्यांच्या कंपनीची स्पर्धा होती. तिचं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक, आणि दूध संघाचे उपाध्यक्ष बंकट आप्पांनी त्याचं तिथल्या तिथं भाषांतर केलं : सात समुद्रांची सुंदरी. मोठी फेरी मुंबईत व्हायची होती. पण त्याआधी मुलींच्या मनाची सुंदरता तपासायची एक फेरी असते, तिच्यासाठी साहेबांना दुष्काळ हवा होता. आष्टीकडं तो भरपूर होता. पैसा एका साबणाच्या कंपनीचा. "आमाला काय करायचंय?" सुंदररावांनी विचारलं. लोबो म्हणाले, मुली एक दिवस इथं राहतील, काम करतील, आणि तुमच्यातलेच तिघं मार्क देतील. जिला जास्त मार्क ती थेट अंतिम फेरीत. तिघांत एक बाई पाहिजे. सुंदररावांनी बंकट आप्पांकडं पाहिलं आणि आप्पांनी सुंदररावांकडं. दोघं दोन गटांचे; एकमेकांविरुद्ध तीन निवडणुका लढलेले, त्यामुळं एकमेकांच्या पोटातलं न बोलता कळायचं. बाई संघाकडं तयारच होती. महिला राखीवमध्ये.

तुळजाबाई संचालक कशा झाल्या ते सोपं होतं. सरकारनं म्हटलं, संचालक मंडळावर बायका घ्या. सुंदररावांनी घरातून घेतली. बैठकीत त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसायच्या, डोक्यावरचा पदर सावरत, समोर चहा गार होऊ देत. सुंदरराव सुपारी कातरायचे. ठराव आला की ते अडकित्ता मिटून टेबलावर ठेवायचे, खट्, आणि तुळजाबाईंचा हात वर जायचा. वर्षानुवर्षं. दूधदर, बारदाना, कंपाउंडची भिंत, शोकप्रस्ताव, सगळ्याला. एकदा अडकित्ता हातातून नुसताच निसटला तर चर्चा चालू असतानाच त्यांनी हात वर केला, आणि बंकट आप्पा म्हणाले, "वैनी, अजून ठराव मांडला न्हाई. पर तुमचं मत आलं हे बरं झालं." सगळे हसले होते. तुळजाबाईही हसल्या होत्या. हसल्या होत्या का? सुंदररावांनी आता, जालना रोडवर, बिस्कीट चहात पार विरघळून गेल्यावर, त्या हसण्याकडं नीट पाहायचा प्रयत्न केला. हात दिसत होता. बांगड्या दिसत होत्या. चेहरा भिंतीकडं होता.

बस आली ती सकाळी, धुरळ्याचा एवढा मोठा लोट घेऊन. तिच्यातून चौघी उतरायच्या होत्या, तिघी उतरल्या. चौथी, जिच्या देशाचं नाव सुंदररावांना तेव्हाही नीट घेता आलं नाही, ती उन्हाकडं एकदा बघून जी आत गेली ती गारेगार बसमध्येच पडून राहिली. तिघींच्या खांद्यावर पट्टे होते. लोबोंनी कौतुकानं ते नगरला मराठीत छापून घेतलेले. फिनलंड. फिजी. पेरू. पोरं हसून लोळायला लागली आणि एका म्हातारीनं तिसरीला खरोखरच विचारलं, "काय भाव लावला, माय?" फिनलंडची इतकी गोरी की तिच्याकडं उन्हात बघताना डोळे बारीक करावे लागायचे. ती सुंदररावांच्या गोठ्यात गेली, त्यांच्या खिलाऱ्याच्या गळ्यात तिनं हार घातला, मग दुसरा हार उरला तो सुंदररावांच्या गळ्यात घातला. फोटो निघाला. अध्यक्ष आणि बैल, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. सुंदररावांचे मार्क तिथंच देऊन झाले. फिजीच्या पोरीचं नवलच. तिचे पणजोबा-खापरपणजोबा इंग्रजांनी हिंदुस्थानातून ऊसतोडीला बोटीत घालून नेलेले. ती एक जुनी, गावठी, गोड हिंदी बोलायची. बंकट आप्पा मुकादम घराण्यातले, दर साली टोळ्या घेऊन कारखान्यावर जाणारे. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून आला. "म्हंजे ही आपलीच की! आगाऊ उचल घेऊन गेली आन हंगामाचा पट्टा पडला तरी माघारी आली न्हाई, एवढंच." त्यांचे मार्क तिथं गेले. त्या पोरीला बाकीच्या वेळात कुणी सापडलं असेल तर तुळजाबाई. दोघी लिंबाखाली बसल्या होत्या. पोरीनं त्यांचा हात हातात घेतला होता आणि ती काहीतरी विचारत होती आणि तुळजाबाई उत्तर देत होत्या. सुंदररावांना लांबून तोंडाची हालचाल दिसली. त्यांना वाटलं होतं, काय बरं बोलत असेल ही एवढं? घरी तर बोलत नाही. मग कुणीतरी हाक मारली आणि ते वाटणं तिथंच राहिलं.

आणि पेरू. तिच्यावरून दुपारी रामायण झालं. साबण कंपनीनं बायकांना वाटायला साड्या आणल्या होत्या, प्रत्येक साडीवर एक साबणाची वडी. पारूबाई म्हणून एक ऊसतोड बाई होती, दोन गाई घेऊन छावणीत आलेली, बोलायला तोफ. ती म्हणाली, "अंघुळीला पानी न्हाई आन साबन देत्यात. आता घासावं कशानं, थुक्यानं?" वाटायचं काम पेरूच्या पोरीकडं होतं. तिला भाषा एक येईना, म्हणून तिनं एकच केलं : रांग लावली. आता वाटप म्हणजे काय, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत असतं. आधी संचालकांची माणसं, मग त्यांच्या ओळखीची, मग गावकरी, मग जे उरेल ते. संघाच्या माणसांनी रीतीप्रमाणं अध्यक्षांच्या मंडळींना सगळ्यांत पुढं आणून उभं केलं. त्या पोरीनं तुळजाबाईंकडं पाहिलं, मान हलवली आणि हात लांब करून रांगेचं शेपूट दाखवलं. संघाचा माणूस म्हणाला, चेअरमन वाइफ, चेअरमन वाइफ. तिनं पुन्हा शेपूट दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. जसं एखादं जनावर दुसऱ्याच्या खुंट्याला आलं तर आपण त्याला तिकडं वळवतो, तसं. बंकट आप्पांच्या भावजयीलाही तिनं तसंच मागं धाडलं. तुळजाबाई चालत मागं गेल्या. जन्मात पहिल्यांदा रांगेत उभ्या राहिल्या, भर उन्हात. सुंदरराव धावत गेले, म्हणाले, "चल इकडं, काय तमाशा लावला हिनं." तुळजाबाई म्हणाल्या, "असू द्या." त्यांच्यापुढं पारूबाई होती. शेवटची साडी पारूबाईला मिळाली. तुळजाबाईंची पाळी आली तेव्हा पोरीनं रिकामी पेटी उलटी करून दाखवली. सुंदररावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ती शीर त्यांना आत्ताही जाणवली, डाव्या बाजूची. आपल्या बायकोचा अपमान. मनातल्या मनात त्यांनी पेरूचे मार्क काढून घेतले, आणि हे आपण तुळजासाठी करतोय या विचारानं त्यांना जरा बरंही वाटलं.

संध्याकाळी शीतकरण केंद्राच्या ऑफिसात परीक्षकांची बैठक भरली. पलीकडं कॉम्प्रेसर धडधडत होता, दुधाच्या कॅनचा ओला थंड वास येत होता, आणि त्या सबंध उन्हाळ्यात तालुक्यातली गार म्हणावी अशी ती एवढीच खोली. सुंदरराव फिनलंडवर ठाम, बंकट आप्पा फिजीवर. लोबो साहेब मार्कांचे कागद घेऊन तिघांपुढं ठेवत होते, समजावत होते : प्रत्येकानं आपापले द्यायचे, बोलायचं नाही, गुप्त. पण बंकट आप्पांनी आयुष्यात आपापलं कधी काही केलं नव्हतं. ते म्हणाले, "बोल अध्यक्षा. निवडणूक लावायची का मिटवायचं?" मिटवायचं, हे ठरलेलंच होतं, सहकारात मत म्हणजे मिटवायचं जमलं नाही याची कबुली. संघाचं अध्यक्षपदही दोघांत असंच वाटलेलं होतं, अर्धा काळ याचा, अर्धा त्याचा. "पहिलं सहा महिने फिनलंड," सुंदरराव म्हणाले, "मग फिजी. मुगुट हातोहात द्यायचा." लोबो हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचे हसत नाहीत. ते म्हणाले, सर, असं नसतं, विजेती एकच असते. त्यावर बंकट आप्पा मायेनं म्हणाले, "साहेब, तुमाला भ्या वाटतंय, फिनलंडची सहा महिन्यांनी खाली उतरायची न्हाई. वाटनारच. आमचे बी उतरत न्हाईत. म्हनून तर आदुगरच राजीनामा घ्यायचा. बिनतारखेचा."

आणि त्यांनी घेतलाही. संघाच्या कारकुनानं तिथल्या तिथं टाइप केला : "मी माझ्या वैयक्तिक अडचणींमुळे सुंदरी पदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे, तरी मंजूर व्हावा." फिनलंडच्या पोरीला वाटलं, सही मागतायत, तिनं खाली एक हसरा चेहराही काढून दिला. फिजीच्या पोरीला देवनागरी वाचता येत होती. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "मुकुट तो मिला नहीं अभी, इस्तीफा पहिले?" बंकट आप्पा त्यांच्या दख्खनी हिंदीत म्हणाले, "बहनजी, हमारे यहाँ ऐसाइच रहता. पहले इस्तीफा, पीछे कुर्सी. तुम्हारा तो दूसरा नंबर है, तुम काय कू डरती?" लोबो साहेब डोकं धरून बसले होते. सुंदररावांना त्यांची कीव आली होती, हे त्यांना आठवलं. एवढा मोठा कारभार करतात आणि साधं मिटवता येत नाही.

राहिलं तिसरं मत. ते काही राहिलं नव्हतंच, नुसतं हातावेगळं करायचं होतं. सुंदररावांनी अडकित्ता मिटला आणि टेबलावर ठेवला. खट्. कॉम्प्रेसर त्याच वेळी बंद पडला म्हणून तो आवाज जरा जास्तच मोठा झाला. तुळजाबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी पदर सावरला, टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माजा कागद कुटंय?" बंकट आप्पा म्हणाले, "वैनी, मिटलंय की." तुळजाबाई म्हणाल्या, "तुमचं मिटलं असंल. साहेब म्हनले, आपापले द्यायचे. म्या दिवसभर बघितलंय." मग त्यांनी कागद घेतला, त्या भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि लिहायला लागल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या; अक्षर मोठं, काना दिल्यावर थांबून पुढचं. वेळ लागला. सगळे बसून राहिले. सुंदररावांना काय वाटलं होतं तेव्हा? राग? तो नंतर बोलून दाखवायला सोयीचा म्हणून आला असेल. त्या वेळी वाटलं होतं ते असं, की आपण एखाद्या ओळखीच्या घरात वर्षानुवर्षं येतो-जातो आणि एक दिवस कळतं की ह्या घराला मागं आणखी एक खोली आहे. आत दिवा लागलाय, कुणीतरी काम करत बसलंय, आणि आपल्याला दारही ठाऊक नाही. कागद दुमडून तुळजाबाईंनी लोबोंच्या हातात दिला. तो वर जाताना सुंदररावांनी हजारदा पाहिलेला हात, खाली असताना कसा दिसतो ते त्यांना पहिल्यांदा दिसलं.

अंधार पडायच्या आत माइकवर निकाल झाला. जिंकली ती चौथी. बसमधली. तिला दोघींनी धरून खाली आणलं, तिनं डोळे किलकिले करून हात हलवला आणि ती पुन्हा वर गेली. मैदानात कुणाला काही कळेना. लोबो बसच्या पायरीवरून, आता सुटलेल्या माणसाच्या मोकळेपणानं म्हणाले, तिच्या देशात साबणवाल्यांना कारखाना काढायचाय, हे मुंबईतच ठरलं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, फोटो फार छान आलेत. आणि तिघांचे कागद? ते त्यांनी वाचलेही नव्हते. बस गेली, धुरळा खाली बसला. बंकट आप्पा बराच वेळ त्या रस्त्याकडं बघत होते. मग टोपी काढून म्हणाले, "आपुन लई बारके रे, सुंदर. आपुन निदान बैठक तरी घेतो." त्यांच्या आवाजात खरा आदर होता.

जीपमधून घरी येताना सुंदररावांनी विचारलं, "कुनाला दिलेस?" तुळजाबाई बाहेर बघत होत्या. "गुप्त असतंय म्हनले ना साहेब." "आता कशाचं गुप्त? ते बघितले बी न्हाईत त्यानं." "त्यानं न्हाई बघितले. म्या दिलेत." एवढंच. नंतर पुष्कळदा विचारलं. रागानं, लाडानं, एकदा तर गणपतीची शपथ घालून. त्या हसून भाकरी थापायच्या. सुंदररावांनी स्वतःची समजूत काढली होती की फिजीच असणार, दिवसभर हातात हात घालून बसली होती ना. पण ती समजूत त्यांनी काढली होती, त्यांना कुणी दिली नव्हती. खरं भय निराळंच होतं. पुढच्या महिन्यात संचालकांची बैठक आली तेव्हा त्यांनी अडकित्ता टेबलावर ठेवला तो हळूच, जसा कुणी पाण्यात पाय घालून बघतो. तुळजाबाईंचा हात वर गेला. पहिल्यासारखाच. दूधदर मंजूर. पुढच्या बैठकीतही गेला, त्याच्या पुढच्याही, संघ बुडेपर्यंत जात राहिला. केंद्राच्या जागी आता मंगल कार्यालय झालंय आणि कॅन धुवायच्या हौदात वरपक्षाच्या चपला असतात. पण त्या दिवसानंतर हात वर गेला की सुंदररावांच्या मनात यायचं : ह्या बाईला बघता येतं. मापता येतं. दिवसभर बघून मग ती लिहिते. मग ही चाळीस वर्षं मला बघतेय, आणि मला कधी कागद दाखवत नाही, तो हात वर जातो त्यात काय असतं? मत असतं, की नुसताच हात? हे विचारायचं राहिलं. मार्क कुणाला दिलेस हे ते विचारत राहिले, आणि हे विचारायचं राहिलं.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या. सून म्हणाली, "मामा, जेवता का?" सुंदरराव म्हणाले, "जरा थांब, एक फोन करतो." पारूबाई आता आष्टीत मुलाकडं होती, मुलगा वडापची जीप चालवायचा. त्या वाटपाच्या रांगेपासून ती आणि तुळजाबाई ज्या चिकटल्या त्या तुळजाबाई जाईपर्यंत. नंबर सुनेच्या मोबाइलमध्ये होता. पलीकडून आधी जीपचा हॉर्न आला, मग पारूबाई.

"कोन? सुंदरराव? जित्ते हाव का अजून?"

"हाय अजून. पारूबाई, एक इचारायचं व्हतं. त्या छावनीत, त्या पोरी आलत्या बघा, तवा आमच्या मंडळीनं कुनाला मार्क दिलते?"

"कावून? निकाल तर कवाच लागला."

"सांगा की. आता ती बी न्हाई, स्पर्धा बी न्हाई."

पारूबाई म्हणाली, "तुमाला म्हाईत न्हाई? पेरूला. दहापैकी दहा."

"पेरूला?" सुंदरराव खुर्चीतून निम्मे उठले. "अवो, तिनं तर रांगेत मागं धाडलं हिला! सगळ्या गावाम्होरं! मी तर त्या पोरीचे सगळे मार्क कापले, हिच्या अपमानापायी."

"म्हाईत हाय. लई हसायची त्याच्यावर. म्हनायची, मला इचारलं असतं तर कापू दिले नसते."

"पर आवडली तर तिला फिजीची व्हती."

"आवडली व्हतीच की! म्या बी तेच म्हनलं. पोरीचा हात सोडना गेली दिवसभर, आन मार्क दुसरीला? तर म्हनली, पारू, आवडनं येगळं आन मार्क येगळे. आवडली म्हनून मार्क द्यायचे तर ह्यांच्या संघात आन माज्यात फरक काय ऱ्हायला?"

सुंदरराव पुन्हा बसले. खिडकीबाहेर टँकरवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी अध्यक्षांसारखं खाकरून घेतलं. "बरं. आन संघाच्या एकूण कारभाराबद्दल काही म्हनायची का कधी? म्हंजे सर्वसाधारन?"

पारूबाई खदखदून हसली. "सरळ तुमचं इचारा की वो. किती आडरानानं येता!"

सुंदररावांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"म्या इचारलं व्हतं एकदा," पारूबाईचा आवाज जरा उतरला. "म्हनलं बाई, तुमी दर बैठकीला हात वर करता, एवढा चोख हाय का कारभार? म्हनली, न्हाई गं. कशाचा चोख? पर मानूस आवडतो मला. हात त्या आवडन्याचा हाय. मार्क इचारले असते तर नापास केलं असतं. ह्यांनी कधी इचारलेच न्हाईत, हात बघितला की खुश." पलीकडं जीप सुरू झाली. "हॅलो? हाव का सुंदरराव? वाईट नका वाटून घेऊ. आवडायचात तुमी तिला."

"न्हाई, न्हाई," सुंदरराव म्हणाले. "वाईट कशाचं. ठेवतो."

मोबाइल त्यांनी सुनेच्या पिशवीपाशी नेऊन ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेला बसले. नापास झालेल्या पोराला जसं एकाच वेळी हलकं आणि उघडं वाटतं, तसं काहीतरी होतं. आणि त्याच्या आतून, उसाच्या कांड्यातून रस निघावा तसं, थेंबाथेंबानं, आवडायचात तुमी तिला. दूध संघाची वार्षिक सभा संपताना अध्यक्षानं सभासदांना काही शंका आहेत का असं विचारायचं असतं. तसा नियमच आहे. सुंदरराव तो नियम एका श्वासात पाळायचे : कुणाला काही विचारायचंय का न्हाई ना मंजूर. टाळ्या, जिलेबी. त्या दुपारी त्यांनी दार ओढून घेतलं, घसा साफ केला आणि रिकाम्या खोलीला, सभेत विचारायचे त्याच आवाजात, विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?"

आणि पुढचं न म्हणता उत्तराची वाट बघत बसून राहिले.